बहुजनांचा प्रवास : हित, सुख आणि सन्मान
(संस्थेच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींना नवल वाटले. धम्माच्या व्यासपीठावर बसगाडीचे काय काम, असा प्रश्न आम्हांला विचारण्यात आला. प्रश्न रास्त आहे. पण या सभागृहात बसलेल्यांपैकी बहुतेक जण आज येथे कसे आले, याचा विचार करावा. कोणी एस.टी.ने आले, कोणी शहर बसने, कोणी वडापने, कोणी रिक्षात चौथी सीट होऊन. आपल्या समाजातील धुणीभांडी करणारी भगिनी, सफाई कामगार, एमआयडीसीतला कामगार, मिरजेच्या दवाखान्यात आजाऱ्याजवळ बसायला जाणारी म्हातारी आणि कॉलेजला जाणारी मुलगी यांच्या दिवसाची सुरुवात थांब्यावर होते आणि शेवटही थांब्यावरच होतो. दिवसाचे दोन तास ज्या ठिकाणी जातात, ते ठिकाण धम्माच्या विचाराबाहेर कसे ठेवता येईल?

दुसरे कारण याहून जवळचे आहे. आपल्या एस.टी.चे ब्रीद काय आहे? 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय.' हे शब्द रोज लाखो लोकांच्या डोळ्यांखालून जातात. ते कोठून आले, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. सारनाथच्या मृगदावनात भगवान बुद्धांनी आपल्या पहिल्या साठ भिक्खूंना चारी दिशांना पाठविले, तेव्हा कशासाठी फिरायचे हे सांगताना त्यांनी हे शब्द वापरले. म्हणजे हे शब्द मुळातच चालण्याचे, फिरण्याचे, एका गावाहून दुसऱ्या गावी जाण्याचे आहेत. प्रवासी वाहतुकीच्या संस्थेने तेच ब्रीद घ्यावे, हा योग मोठा अर्थपूर्ण आहे.

या ब्रीदात दोन शब्द आहेत, हित आणि सुख. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रवाशाचे हित म्हणजे त्याची सुरक्षितता आणि प्रवाशाचे सुख म्हणजे त्याचे समाधान. सरकारी अहवालात या दोन गोष्टी वेगवेगळ्या रकान्यांत लिहिल्या जातात. अपघात एका तक्त्यात, तक्रारी दुसऱ्या तक्त्यात. आमचे म्हणणे असे आहे की, या दोहोंच्या मुळाशी एकच गोष्ट आहे आणि ती म्हणजे प्रवाशाचा माणूस म्हणून सन्मान. जेथे प्रवाशाचा मान राखला जात नाही, तेथे त्याचा जीवही सुरक्षित राहत नाही. हे आम्ही मनाचे सांगत नाही. बाबासाहेबांच्या आयुष्यातील दोन प्रवासांनी ते सिद्ध केले आहे, आणि त्यातला पहिला प्रवास आपल्याच सातारा जिल्ह्यातला आहे.

मसूर आणि चाळीसगाव

१९०१ सालची गोष्ट. बालभीमराव साताऱ्यात राहत होते. आदल्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० रोजी, त्यांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले होते. तीच शाळा आज प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस आज महाराष्ट्रभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. वडील सुभेदार रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर खजिनदार होते. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून भीमराव, थोरले बंधू आणि घरातील लहान मुले नवे कपडे घालून आगगाडीत बसली आणि मसूर स्टेशनवर उतरली. बरोबर कोणी मोठे माणूस नव्हते. न्यायला कोणी आले नाही, कारण पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते.

स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला. मुले कोणत्या जातीची हे कळताच तो मागे सरला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण एकही गाडीवान यायला तयार होईना. अखेर दुप्पट भाड्यावर सौदा ठरला, तोही अशा अटीवर की, गाडी मुलांनी स्वतः हाकायची आणि गाडीवान शेजारून चालणार. संध्याकाळी निघालेली ती मुले रात्रभर वाटेत राहिली. जवळ भाकरी होती, पण प्यायला पाणी नाही. नाक्यावरही पाणी मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास ती मुले वडिलांच्या गावी पोचली.

प्रवासी सेवेच्या दृष्टीने या घटनेकडे पाहा. प्रवाशाने भाडे दिले, तेही दुप्पट. बदल्यात त्याला काय मिळाले? अनोळखी वाट, अंधार, तहान, आणि ज्याला गाडी हाकता येत नाही अशा मुलाच्या हातात कासरा. आज आपण ज्याला सुरक्षितता म्हणतो ती तेथे नव्हती, आणि ती का नव्हती याचे कारण एकच, समोरचा प्रवासी हा माणूस आहे हे गाडीवानाला मान्य नव्हते.

दुसरा प्रवास १९२९ सालचा, चाळीसगावचा. आता बाबासाहेब बॅरिस्टर होते आणि अस्पृश्यांच्या तक्रारी तपासण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. स्टेशनवरून वस्तीपर्यंत त्यांना टांग्यातून न्यायचे होते. टांगेवाल्यांनी नकार दिला. मग तडजोड निघाली. टांगा भाड्याने द्यायचा, टांगेवाला बसणार नाही. आपल्या लोकांपैकी ज्याने कधी टांगा हाकला नव्हता, त्याने लगाम हाती घेतला. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, घोडा उधळला आणि बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. त्यांचे पायाचे हाड मोडले.

वस्तीतील लोकांनी हे सारे बाबासाहेबांचा मान राखण्यासाठी केले होते. पाहुण्याला पायी न्यायचे नाही, एवढीच त्यांची भावना. टांगेवाल्याने आपल्या जातीचा मान राखला. आणि या दोन मानांच्या ओढाताणीत प्रवाशाचा पाय मोडला. या दोन्ही घटना बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा लेखनात नोंदवून ठेवल्या आहेत. ते लेखन १९९० साली प्रथम पुस्तिकारूपाने छापले गेले. विद्यार्थ्यांनी ते अवश्य वाचावे. अपमान आणि अपघात यांच्यामध्ये किती थोडे अंतर असते, हे त्याच्याइतके स्पष्टपणे दुसरीकडे क्वचितच सापडेल.

कायदा, आणि एक दूरची आठवण

भारतीय संविधानाच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. त्यानंतर १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा झाला. पुढे १९७६ साली त्यालाच नागरी हक्क संरक्षण कायदा असे नाव मिळाले. या कायद्याच्या चौथ्या कलमात विहीर, रस्ता, दुकान यांच्याबरोबर सार्वजनिक वाहनाचाही समावेश आहे. वाहनात बसू न देणे हा गुन्हा आहे. मसूरच्या मुलांना जे नाकारले गेले, ते आज कायद्याने आपल्या हक्काचे आहे.

योगायोग पाहा. ज्या १९५५ साली हा कायदा झाला, त्याच वर्षी १ डिसेंबर रोजी अमेरिकेतील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय शिवणकाम करणाऱ्या बाईंनी बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला. त्यांना अटक झाली. त्यानंतर तेथील कृष्णवर्णीय जनता ३८१ दिवस बसमध्ये चढली नाही. लोक मैलोन्‌मैल पायी कामावर गेले. विशेष असे की, त्यांच्या पहिल्या मागण्या फार साध्या होत्या. चालकाने आमच्याशी सभ्यपणे बोलावे, जो आधी येईल त्याला आधी जागा मिळावी, आणि आमच्या वस्तीच्या मार्गावर आमच्यातलेही चालक नेमावेत. हा बहिष्कार चालू असतानाच, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. दोन देशांत, एकाच वर्षी, माणसे आपल्या माणूसपणासाठी उभी राहिली होती. एकीकडे ती लढाई एका बसच्या सीटवरून सुरू झाली होती.

एस.टी.ने काय दिले

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. त्याआधी खाजगी मोटारी होत्या, पण त्यांना वेळापत्रक नव्हते. गाडी भरली की सुटायची. कोठे बसायचे, किती भाडे द्यायचे, कोणाला खाली उतरवायचे, हे मालकाच्या मर्जीवर होते. एस.टी.ने तीन गोष्टी आणल्या. ठरलेली वेळ, ठरलेले भाडे आणि छापील तिकीट. ज्याच्या हाती तिकीट त्याला जागा, मग तो पाटील असो की पाटलाच्या शेतावरचा मजूर. खेड्यात जी माणसे एका ओट्यावर बसत नव्हती, ती एस.टी.च्या एका बाकावर मांडीला मांडी लावून बसली. समतेचे हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हते. ते कंडक्टरने घंटी वाजवून दिले.

शिक्षणाच्या बाबतीत तर एस.टी.चे उपकार मोठे आहेत. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह चालविले. त्या काळी शाळा दूर आणि वाहन नाही, म्हणून वसतिगृह हाच एक मार्ग होता. पुढे हेच काम मोठ्या प्रमाणावर एस.टी.च्या पासाने केले. विद्यार्थ्याला भाड्याच्या एक तृतीयांश रकमेत पास मिळतो. खेड्यातील मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास आला. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास आणि १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना निम्मे भाडे लागू झाले. या सवलतींमुळे किती मायमाउल्या घराबाहेर पडू शकल्या, हे आपण आपल्याच घरांत पाहत आहोत.

पण सवलत म्हणजे सन्मान नव्हे. अर्ध्या तिकिटात प्रवास करणारी बाई ही अर्धी प्रवासी नसते. "फुकट्यांची गर्दी" असे शब्द कधी कधी सहप्रवाशांच्या तोंडून ऐकू येतात. सवलतीची रक्कम शासन भरते, म्हणजे ती आपल्या सर्वांच्या करातून जाते. म्हणून सवलत घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नाही.

आपली शहरे

आता आपल्या दोन शहरांकडे येऊ. मुंबईला बेस्ट आहे, पुण्याला पीएमपीएमएल आहे, शेजारच्या कोल्हापूरला महापालिकेची केएमटी आहे. सांगली आणि साताऱ्यात मात्र शहरातील फेऱ्याही एस.टी.नेच चालवीत आणल्या. सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महानगरपालिका १९९८ साली झाली. २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या पाच लाखांच्या वर होती. सांगली बाजारपेठेचे गाव, मिरज रेल्वे जंक्शनचे आणि दवाखान्यांचे, कुपवाड कारखान्यांचे, आणि मध्ये विश्रामबाग कॉलेजांचे. या चारही ठिकाणांमध्ये दिवसभर माणसांची ये-जा चालते. साताऱ्याची गोष्ट वेगळी. २०११ साली शहराची वस्ती सव्वा लाखाच्या आत होती. २०२० साली हद्दवाढ झाली. राजवाडा, पोवई नाका, बसस्थानक, गोडोली, एमआयडीसी आणि शहरापासून दूर असलेले रेल्वे स्टेशन. अंतरे थोडी, पण चढउतार फार. तरुणाला जो रस्ता दहा मिनिटांचा, तो गुडघे दुखणाऱ्या आजीला डोंगर वाटतो.

एकाच संस्थेकडे लांब पल्ल्याची गाडी आणि शहराची फेरी, दोन्ही असल्या की काय होते? गाड्या किंवा कर्मचारी कमी पडले, तर पहिला घाव कमी उत्पन्नाच्या शहर फेरीवर पडण्याचा धोका राहतो. २०२१-२२ च्या दीर्घ संपात तर राज्यभर गाड्या थांबल्या. आणि रिकाम्या झालेल्या थांब्यावर पाचच मिनिटांत वडाप येऊन उभे राहते.

वडापविषयी आम्हांला थोडे सविस्तर बोलायचे आहे, कारण आपल्या समाजातील अनेक तरुण त्यावर पोट भरतात. ते आपले शत्रू नाहीत. गाडी कर्जाची, हप्ता ठरलेला, डिझेल महाग. त्यांच्या मेहनतीबद्दल आम्हांला आदर आहे. पण वडापचे तत्त्व काय आहे? भरल्यावर सुटायचे. म्हणजे १९४८ पूर्वी जे होते, तेथेच आपण परत येतो. ज्याला घाई आहे त्याची वेळ मालकाच्या हाती. गाडी भरायची म्हणून एकावर एक माणसे. पोरी अंग चोरून बसतात. आणि रात्री गर्दी नसली की वडाप येतच नाही, कारण रिकामी गाडी परवडत नाही. बस ही वेळेवर सुटते, भरो अथवा न भरो. रात्री नऊच्या गाडीत तीनच प्रवासी असतील, तरी त्या तिघांसाठी ती निघते. 'बहुजन हिताय' याचा खरा अर्थ त्या तीन प्रवाशांच्या गाडीत आहे.

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा ही योजना मंजूर केली. दहा हजार विजेवरच्या बसगाड्या आणि त्यासाठी मुख्यतः तीन लाखांवर वस्तीची शहरे, असा तिचा हिशेब आहे. या हिशेबात सांगली-मिरज-कुपवाड बसते. साताऱ्यासारखे गाव लोकसंख्येच्या अटीतच मागे पडते. म्हणून साताऱ्याच्या लोकांनी योजनेची वाट न पाहता आपल्या शहर फेऱ्यांसाठी अधिक जागरूक राहिले पाहिजे.

सुरक्षितता कोठे सुरू होते

सुरक्षितता म्हटले की आपल्याला ब्रेक आणि टायर आठवतात. ते हवेतच. पण त्याआधी तीन गोष्टी येतात.

पहिली, चालकाची झोप. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची सर्वसाधारण मर्यादा घातली होती. बाबासाहेब मजूरमंत्री असताना आठ तासांच्या कामासाठी किती आग्रही होते, हे आपण जाणतो. ज्या चालकाला विसाव्याला धड खोली नाही, पाठ टेकायला गादी नाही, त्याच्या हाती आपण पन्नास जीव देतो. चालकाचा सन्मान हा प्रवाशाच्या सुरक्षिततेचाच भाग आहे. भगवान बुद्धांचा अखेरचा उपदेश अप्रमादाचा होता. अप्रमाद म्हणजे सावधपणा, जागेपणा. थकलेल्या शरीरात अप्रमाद टिकत नाही. आणि पंचशीलातील पाचवे शील? मोटार वाहन कायद्यात शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्य आढळले तर गुन्हा होतो. आपल्या शीलात मात्र तीस मिलिग्रॅमचीही मुभा नाही. चालक एस.टी.चा असो, वडापचा असो की लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो हाकणारा आपला पुतण्या असो, हे शील त्याच्या स्टिअरिंगवर असले पाहिजे.

दुसरी, क्षमतेपेक्षा जास्त माणसे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, ८ तारखेला, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि डझनाहून अधिक माणसे दगावली. त्याच्या आदल्या वर्षी, १० एप्रिल २०१८ रोजी, खंबाटकी बोगद्याजवळच्या वळणावर मजुरांनी भरलेला टेम्पो उलटून सतरा-अठरा गोरगरीब जागीच ठार झाले. एक वाहन पाण्यावरचे, एक मालाचे. दोन्ही ठिकाणी माणसे दाटीने बसली होती. अशा वेळी "लोक ऐकत नाहीत, चढतात" असे सांगितले जाते. पण गाव बुडत असताना बोट भरली म्हणून कोण खाली उतरेल? कामाच्या गावी जायला दुसरे वाहन नसेल तर मजूर टेम्पोत चढणारच. गर्दी हा गरिबाचा दोष नाही. ती वाहनांच्या तुटवड्याची खूण आहे. बसच्या दारात लोंबकळणाऱ्या विद्यार्थ्यांकडेही याच दृष्टीने पाहावे. दहा वाजताच्या कॉलेजला एकच गाडी असेल, तर तिच्या दारात मुले लटकणार. तेथे दुसरी गाडी सोडणे हा पहिला उपाय, शिस्तीचे भाषण हा दुसरा.

तिसरी गोष्ट थांब्याची आणि माहितीची. २५ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे पुण्याच्या स्वारगेट स्थानकात, आपल्या सातारा जिल्ह्यातील फलटणला जाणाऱ्या गाडीची वाट पाहत एक तरुणी बसली होती. तिची गाडी दुसरीकडे लागली आहे असे सांगून तिला आवारात उभ्या असलेल्या एका बसमध्ये नेले गेले आणि तिच्यावर अत्याचार झाला. या घटनेने सारा महाराष्ट्र हादरला. स्थानकांवर पहारेकरी, दिवे, कॅमेरे हवेत यावर पुष्कळ बोलले गेले, ते योग्यच. पण आम्हांला त्यातील एका गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. "तुमची गाडी तिकडे लागली आहे" ही थाप चालली, कारण गाडी खरोखर कोठे लागणार हे खात्रीने सांगणारी सोय पहाटेच्या वेळी प्रवाशाच्या समोर असतेच असे नाही. फलाटावर वाचता येईल असा फलक, कर्ण्यावरची घोषणा आणि चौकशीच्या खिडकीत जागा असलेला माणूस, या तीन साध्या गोष्टी नेहमी 'सोयी' या सदरात मोडल्या जातात. त्या सुरक्षिततेच्या गोष्टी आहेत. जेथे अधिकृत माहिती मिळत नाही, तेथे प्रवासी अनोळखी माणसावर अवलंबून राहतो.

समाधान म्हणजे काय

प्रवाशाला काय हवे असते? गुळगुळीत खुर्ची आणि पडदे त्याने कधीच मागितले नाहीत. त्याला गाडी वेळेवर हवी असते. उशीर होणार असेल, तर तो किती हे कळायला हवे असते. थांब्यावर ऊन-पावसापासून आडोसा, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह हवे असते. पायरी इतकी उंच नको, की लुगड्यातील म्हातारीला दोघांनी वर ओढावे लागेल. अपंगांसाठी २०१६ चा कायदा वाहतुकीची सोय सुगम करा असे सांगतो, त्याची सुरुवात त्या पायरीपासून व्हावी. आणि शेवटी, त्याला दोन चांगले शब्द हवे असतात. माँटगोमेरीच्या लोकांनीही पहिली मागणी सभ्य बोलण्याचीच केली होती. "ए म्हातारे, पुढं सरक" आणि "आजी, जरा पुढं या" यांत पैशाचा काहीच फरक नाही. आपल्या धम्मात सम्यक वाचा आहे. ती विहारात जितकी लागू, तितकीच बसच्या पायरीवर.

या सगळ्यात पणाला काय लागले आहे, ते स्पष्ट सांगतो. संध्याकाळची गाडी बेभरवशाची झाली किंवा थांब्यावरचा दिवा गेला, तर घरातील कर्ता माणूस एस.टी.ला पत्र लिहीत नाही. तो मुलीला सांगतो, "उद्यापासून कॉलेज बंद." मुलाला दुचाकी मिळते, मुलीचे शिक्षण थांबते. हे कोणत्याही अपघाताच्या तक्त्यात येत नाही. नायगावला, याच जिल्ह्यात, ३ जानेवारी १८३१ रोजी जन्मलेल्या सावित्रीबाई पुण्यात शाळेत शिकवायला जाताना लोकांनी त्यांच्यावर शेण-दगड फेकले. शाळेपेक्षा शाळेची वाट कठीण होती. ती वाट मोकळी करणे हे काम अजून पुरे झालेले नाही.

आपण काय करावे

केवळ तक्रारीचे भाषण करून आम्ही थांबणार नाही. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितले की ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवू नका, स्वतः तपासा. म्हणून विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की, एक महिना एक नोंदवही ठेवावी. रोज आपल्या थांब्यावर गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, जागा मिळाली की उभे राहावे लागले, दिवा होता की नाही, वाहक कसे बोलले, एवढेच लिहावे. चांगला अनुभवही लिहावा. भर पावसात म्हातारीसाठी गाडी थांबविणारे चालक आणि विसरलेली पिशवी परत करणारे वाहक आपल्याकडे आहेत. त्यांची नोंद झाली पाहिजे. महिन्याच्या शेवटी या नोंदी एकत्र करून आगार व्यवस्थापकांकडे आणि महापालिकेकडे किंवा नगरपालिकेकडे द्याव्यात. "गाड्या नेहमी उशिरा येतात" हे वाक्य कोणी ऐकत नाही. "या थांब्यावर तीस दिवसांत अमुक दिवस सायंकाळची फेरी आलीच नाही" हे वाक्य बाजूला सारता येत नाही. जुलै २०२४ मध्ये एस.टी.ने आगारांमध्ये 'प्रवासी राजा दिन' सुरू केला, प्रवाशांचे म्हणणे वरिष्ठ अधिकाऱ्यांनी समोर बसून ऐकावे म्हणून. अशा प्रसंगी रागाऐवजी वही घेऊन जावे.

दुसरे, प्रवासी म्हणून आपलेही शील आहे. राखीव जागेवर बसलेल्या तरुणाने गर्भवती भगिनीला पाहून झोपेचे सोंग घेऊ नये. गर्दीत एखाद्या मुलीला त्रास होत असेल, तर सगळ्या गाडीने खिडकीबाहेर पाहू नये. एकाने आवाज दिला तर दहा जण उभे राहतात; पहिला आवाज आपला असावा. अडचणीत ११२ हा क्रमांक आणि अपघातात १०८ ही रुग्णवाहिका, हे लहान मुलांनाही पाठ हवे. अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्याला पोलीस त्रास देतील ही जुनी भीती आता सोडावी. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण मिळाले आहे. एप्रिल २०१६ मध्ये एस.टी.ने तिकिटामागे एक रुपया घेऊन अपघात सहाय्यता निधी सुरू केला. अपघात झाल्यास तिकीट हा पुरावा असतो, म्हणून उतरेपर्यंत ते जपून ठेवावे आणि दावा करण्यास आपल्या संस्थेने अडाणी कुटुंबांना मदत करावी.

तिसरे, आपल्या वडापवाल्या तरुणांनी एकत्र बसून स्वतःची आचारसंहिता करावी. परवान्याइतकीच माणसे, अंधार पडल्यावर एकटी मुलगी असेल तर तिला घराजवळच्या उजेडात सोडणे, आणि पाचवे शील. कायद्याने करण्याआधी त्यांनी स्वतः केले, तर लोक त्यांच्या पाठीशी उभे राहतील.

मित्रहो, मसूरच्या त्या मुलांना दुप्पट भाडे देऊनही कासरा स्वतः धरावा लागला होता. आज आपल्यापैकी कोणी चालक आहे, कोणी वाहक, कोणी आगारात लेखनिक, कोणी अधिकारी. गाडी हाकणाराही आपला आणि बसणाराही आपला. म्हणून आता जबाबदारी दुहेरी आहे. ब्रीद गाडीवर लिहिलेले आहे. ते थांब्यावर उभ्या असलेल्या शेवटच्या प्रवाशापर्यंत पोचते की नाही, हे पाहणे आपले काम आहे. या जिल्ह्यांतील एकही मुलगी केवळ गाडी नाही किंवा वाट सुरक्षित नाही म्हणून शाळा सोडणार नाही, एवढा निश्चय आपण आज करू या.

 सर्वांचे मंगल होवो. नमो बुद्धाय, जय भीम!